मध्यावर घर पाहिजे

आमची पत्रिका जुळवताना गुरुजींनी छत्तीसपैकी सव्वीस गुण काढले. नाडी बघितली, गण बघितला, मंगळ तर दोनदा बघितला. नोकरी कुठं आहे ते मात्र कुणी बघितलं नाही. मी बेळगावात एका सहकारी बँकेच्या काउंटरवर. नवरा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, एका कारखान्यात कास्टिंग तपासायला. (पंचतारांकित फक्त नावात. चहा गेटबाहेरच्या टपरीवरच.) मधलं अंतर नव्वदेक किलोमीटर. बैठकीत कुणीतरी "नोकरीचं कसं करायचं?" असं विचारलं होतं म्हणा. त्यावर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी एका सुरात सांगितलं, "बघू की पुढं!" ते पुढं आता आलंय.

नव्वद किलोमीटर म्हटलं की पुण्या-मुंबईचे नातेवाईक हसतात. "अगं, आम्ही रोज विरारवरून येतो!" येत असाल. तुमच्या वाटेत राज्य बदलत नाही. माझ्या दारापासून यांच्या गेटपर्यंत मार्कंडेय, घटप्रभा, हिरण्यकेशी, वेदगंगा आणि दूधगंगा अशा पाच नद्या, हत्तरगी आणि कोगनोळी असे दोन टोलनाके, तवंदीचा घाट आणि दोन राज्यांची हद्द लागते. पावसाळ्यात यातली एक नदी जरी बिघडली तरी संसार थांबतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत यमगर्णीजवळ वेदगंगा सरळ महामार्गावर आली. हे पलीकडं, मी अलीकडं, आणि मध्ये ट्रकांची रांग. नद्या शांत असल्या की माणसं बिघडतात. कुठं बसला काळं फासलं, कुठं पाटीवरून वाजलं, की दोन्ही राज्यांच्या गाड्या हद्दीवरून पाठ फिरवतात. रेल्वेनं जावं म्हटलं तर कोल्हापूर, मिरज, कुडची, रायबाग, घटप्रभा अशी प्रदक्षिणा घालून बेळगाव येतं, आणि कागलला तर स्टेशनच नाही.

तेव्हा सध्या दोन घरं आहेत. मी आणि पोरगी बेळगावात शहापूरला, माझ्या आईच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. हे कागलला आईवडिलांजवळ. माझी सुट्टी रविवारी. यांच्या कारखान्याची सोमवारी. म्हणजे मी घरी असते तेव्हा हे पाळीवर, आणि हे बेळगावला येतात तेव्हा मी काउंटरवर लोकांची पासबुकं भरत असते. यांची रात्रपाळी असली की फोनसुद्धा जमत नाही. एक झोपलेलं असतं, दुसरं ओरडत असतं. दोन स्वयंपाकघरं, दोन मिक्सर, दोन गॅस, आणि स्टीलच्या डब्यांचं तर विचारूच नका. डबा कागलात, झाकण बेळगावात. कुंदा घालून पाठवलेला डबा परत येताना आत्ती, म्हणजे सासूबाई, रिकामा देत नाहीत. त्यात चटणी भरून देतात. पण झाकण दुसऱ्याच डब्याचं लावतात. माझ्या फडताळात आज कुठल्याच डब्यावर न बसणाऱ्या झाकणांची एक चळत उभी आहे. ती बघूनच मी एके दिवशी म्हटलं, आता एकच घर करायचं. कुठंही असू दे, पण एकच.

"कुठंही" हा शब्द आमच्या घरात बोलायचा नसतो. लगेच प्रत्येकाला एकेक ठिकाण सुचतं.

आत्तींचा हिशेब सगळ्यात आधी तयार होता, आणि त्याला कारण कर्नाटक सरकार. ११ जून २०२३ ला इकडं शक्ती योजना आली आणि राज्याच्या आत फिरणाऱ्या साध्या बसमधून बायकांचा प्रवास फुकट झाला. त्याच वर्षी १७ मार्चपासून महाराष्ट्रानं एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलं होतं. योजनांबद्दल माझी तक्रार नाही. पूर्वी पाटी डोक्यावर घेऊन चालत बाजार गाठणाऱ्या भाजीवाल्या बायका आता खिडकीजवळची जागा धरून ऐटीत जातात, ते बघून बरंच वाटतं. पण आमच्या घरात त्या फुकट तिकिटाचा वेगळाच अर्थ निघाला.

"हिला जायला-यायला पैसा पडत न्हाई," आत्ती म्हणाल्या. "त्येच्या गाडीला पेट्रोल लागतंय. मग ऱ्हायचं कुठं, ह्यात विचार कसला करायचा?"

म्हणजे कागल. माझे जाता-येता मिळून रोजचे चार-पाच तास या हिशेबाच्या कुठल्याच रकान्यात नव्हते. मी बँकेत आहे, रिकामे रकाने मला लगेच दिसतात.

"पण आत्ती, कागल महाराष्ट्रात आहे. फुकट तिकिटाला आधारवर कर्नाटकातला पत्ता लागतो. मी इकडं राहायला आले की पत्ता बदलणार. पत्ता बदलला की तिकीट लागणार."

"मग नको बदलू पत्ता."

"मग मी राहते कुठं?"

"ऱ्हायचं हितं. पत्ता तिथं."

यांनी मान खाली घालून भाकरी मोडली. आईसमोर यांची मान वर येत नाही. ती एरवीची ताठ मान कास्टिंगमधली भेग शोधताना खर्ची पडत असावी.

खरं तर या रस्त्यावर माझी किंमत गावागणिक बदलते. कागलला महाराष्ट्राच्या एसटीत बसले तर हद्दीपर्यंत मी अर्धी बाई आणि तिथून पुढं बेळगावपर्यंत सगळी. तीच मी निपाणीला उतरून बेळगावच्या साध्या लाल गाडीत चढले की शून्य. कंडक्टर येतो, "आधार तोरसरी" म्हणतो, मशीनचं बटण दाबतो आणि शून्य रुपयांचं तिकीट फाडून हातात देतो. ते जपून ठेवायचं, तपासनीस चढला की दाखवायला लागतं. हे मात्र दोन्ही राज्यांत पूर्ण तिकीट काढतात, आणि त्यांना त्याचं इतकं वाईट वाटतं की जणू फुकट बसता यावं म्हणून मी मुद्दाम बाईचा जन्म घेतलाय.

मग यांनी तोडगा काढला. तोडगा म्हणजे मोबाईलवरचा नकाशा. "भांडण नको. बरोबर मध्य काढू. तू अर्धं ये, मी अर्धं येतो." बोटानं नकाशा मोठा केला, लहान केला, आणि मध्य निघाला संकेश्वरला, तोही गावाबाहेर उसाच्या फडात. फडात भाड्यानं खोली मिळत नाही म्हणून आम्ही गावात शिरलो. यांनी रजा टाकली, मी माझा दुसरा शनिवार घातला.

घर चांगलं होतं. माडीवर दोन खोल्या, वाऱ्याला तोटा नाही. फक्त गच्चीवर मालकीणबाईंनी मिरच्या वाळत घातल्या होत्या. संकेश्वरी मिरची! जिना चढून वर गेलो आणि दोघंही शिंकायला लागलो. इतक्या दिवसांत नवरा-बायकोनं मिळून एकाच वेळी केलेलं हे पहिलंच काम.

"सवं हुतंय," मालकीणबाई म्हणाल्या. "चार दिसात नाक मरतंय."

त्यांनी आमची आधारकार्डं हातात घेतली. माझ्या कार्डावर नाव कन्नडमध्ये, यांच्या कार्डावर मराठीत. त्यांनी दोन्ही शेजारी-शेजारी धरली, उलटी केली, परत सुलटी केली.

"नवरा-बायकोच न्हवं?"

"व्हय की," हे शिंकेच्या आतून म्हणाले.

"पाणी एक दिवसाआड. सकाळी अकराला सुटतंय. मोटर लावून टाकी भरून घ्यायची."

"अकराला आम्ही दोघंही ड्युटीवर असतो, काकू."

"मग सासूबाई भरतील की."

"त्या कागलला."

"आई?"

"बेळगावला."

"लेकरू?"

"शाळेत."

"कंच्या शाळंत?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. हा प्रश्न नकाशावर आला नव्हता. काकूंनी कार्डं परत दिली, पदर खोचला आणि एक मिरची उचलून देठ मोडला. "दोघंबी उजाडायला भाईर आनि दिवं लागल्यावर घरात. मग हे घर पायजे कुणाला?"

परतताना हिरण्यकेशीच्या पुलापर्यंत आम्ही काही बोललो नाही. काकूंच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. एका टोकाला राहिलं तर निदान एकजण तरी पाण्याच्या वेळेला घरी पोचू शकतो, पोरीचा ताप फोनवरून न मोजता हातानं बघू शकतो. बरोबर मध्यावर दोघांचीही सारखीच ओढाताण, आणि घराला कुलूप. न्याय अगदी चोख. राहणारं कुणी नाही.

मग हे निपाणीवर आले. निपाणीच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे, ते मी नाकारत नाही. तंबाखूची जुनी पेठ. १९८१ च्या तंबाखू आंदोलनानं सगळ्या देशाला माहीत झालेलं गाव. बाजार मोठा, बोलणं मराठी, पत्ता कर्नाटकातला, त्यामुळं माझं शून्य शाबूत. "आणि मध्यावरच आहे की," हे म्हणाले. मी अंतर बघितलं. निपाणी-कागल वीस किलोमीटर, निपाणी-बेळगाव पंचाहत्तर. हा यांचा मध्य.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मग मी पण एक मध्य सुचवते. काकती."

"काकती म्हणजे बेळगावच झालं की!"

"मग निपाणी म्हणजे?"

त्यानंतर काही दिवस नकाशा उघडला गेला नाही. माझं मत विचाराल तर नवऱ्यांच्या मध्याला चाकं असतात आणि तो नेहमी उताराकडं, म्हणजे त्यांच्या कारखान्याच्या गेटाकडं घरंगळतो. तवंदीचा घाट मध्ये असूनही.

पोरीच्या शाळेनं तर आणखी गोंधळ घातला. कर्नाटकात शाळा महाराष्ट्राच्या आधी उघडतात, आणि मोठी सुट्टी दसऱ्याला असते. महाराष्ट्रात ती दिवाळीला. त्यामुळं आमची पोरगी दसऱ्याला कागलला जाते तेव्हा तिची चुलत भावंडं शाळेत असतात. ती दिवसभर आजीजवळ बसून ओंदु, एरडु, मूरु मोजून दाखवते. आजीला त्यातलं काही कळत नाही, पण नातीला हिशेब येतो म्हणून कौतुक. आता कागलला आलो तर कन्नड बंद आणि बेळगावातल्या मैत्रिणीही बंद. बेळगावात राहिलो तर आजी फक्त सुट्टीत. माझी आई याबाबतीत तटस्थ आहे. म्हणजे "माझं काही म्हणणं नाही" असं म्हणून सुरुवात करते आणि जेवायची वेळ होईपर्यंत बोलते. "काय गे, तिकडं जाऊन तू रोज येऊन-जाऊन करणार? हाडं राहतील काय?"

शेवटी घरात बैठक बसली. थोरल्या काकांना खास बोलावलं. काका जुने सीमावादी, तरुणपणी सत्याग्रहात लाठ्या खाल्लेले. त्यांनी प्रश्न मुळापासून घेतला. १९५६ ची राज्यपुनर्रचना, १९६७ चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ चा सुप्रीम कोर्टातला दावा. अहवालापर्यंत पोचेपर्यंत चहा दोनदा झाला. "तुमच्या भांडणाचं मूळ तिथं आहे," ते म्हणाले. "निकाल आपल्या बाजूनं लागू दे. सगळं आपोआप मार्गी लागतंय बघ."

"काका, निकाल कसाही लागला तरी बेळगाव-कागल नव्वद किलोमीटरच राहणार."

"पण राज्य एक होईल की, पोरी!"

तेवढ्यात कोपऱ्यातून आत्तींनी विचारलं, "म्हंजे बेळगाव म्हाराष्ट्रात आलं तर हिचं फुकट जाऊन अर्धं तिकीट लागणार?"

काकांनी चहाची बशी खाली ठेवली. इतक्या वर्षांच्या लढ्यात हा मुद्दा त्यांच्यापुढं कुणी मांडला नसावा. ते बराच वेळ छताकडं बघत राहिले आणि मग कार्यकर्त्यांची सभा आहे म्हणून उठले.

बैठकीतून एवढंच निघालं की मी बदलीचा अर्ज करावा. आमच्या बँकेची एक शाखा निपाणीला आहे. तिथं जागा झाली तर मी निपाणीला, हे वीस किलोमीटरवर, पोरगी मराठी शाळेत, पत्ता कर्नाटकात. सगळ्यांचंच जमत होतं. मी अर्जात पतीची नोकरी, लहान मूल, सासू-सासऱ्यांचं वय असं सगळं लिहिलं. हेड ऑफिसनं अर्ज सहानुभूतीनं वाचला असं साहेबांनी स्वतः सांगितलं. सहानुभूती इतकी की बदली लगेच झाली. खानापूरला.

ज्यांना भूगोल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. खानापूर बेळगावच्या पलीकडं, पंचवीसेक किलोमीटर. कागलच्या बरोब्बर उलट्या दिशेला.

यांनी रात्री पुन्हा नकाशा उघडला. आता मध्य संकेश्वर सोडून अलीकडं आलाय, हत्तरगीच्या टोलनाक्याच्या आसपास. "नाक्याजवळ प्लॉट स्वस्त आहेत म्हणे," हे म्हणाले. मी उशी फिरवली. तेवढ्यात कागलहून फोन आला. आत्तींना बदलीचं कळलं होतं.

"खानापूर कर्नाटकातच हाय न्हवं?"

"हो, आत्ती."

"मग काय! तिकीट फुकटच की."