घेताना किलो, विकताना नग

अमोनाइटच्या, म्हणजे दगड झालेल्या गुंडाळीदार समुद्री शंखांच्या, घाऊक खरेदीतील बहुतेक दुःखांचे मूळ एकच आहे: हा माल किलोने घ्यावा लागतो आणि नगाने विकावा लागतो. मादागास्करच्या वायव्येकडील महाजंगा भागात खणून काढलेले, सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचे हे क्लिओनिसेरास जातीचे जीवाश्म तिकडेच घासून चकचकीत केले जातात आणि लॉट बांधून परदेशी रवाना होतात. मूळ प्राण्याने पाण्यात तरंगता यावे म्हणून शंखाचे कप्पे पोकळ ठेवले होते; मरणानंतर मात्र त्यांत गाळ आणि कॅल्साइट नावाचे खनिज असे काही ठासून भरले की, तोलकाट्यावर मी ज्याचे पैसे मोजतो तो बहुतांश त्या जुन्या समुद्राचा तळच असतो. गिऱ्हाईक भुलते ते वरच्या हिरव्या-तांबड्या झळाळीला, आणि तिचे वजन काट्यावर दिसतसुद्धा नाही.

फोटो पाहून लॉट पसंत करणे हे धाडसाचे काम आहे. फोटोत प्रत्येक नग आपली चांगली बाजू कॅमेऱ्याकडे करून बसलेला असतो आणि त्याला दुसरीही बाजू आहे, हे खोके उघडल्यावरच कळते. तेथे कोठे टवका उडालेला असतो, तर कोठे कृत्रिम राळेची पुट्टी भरून वरून पॉलिश मारलेले असते. जाणकार सांगतात की, अंधारात अतिनील टॉर्च मारावा, म्हणजे राळ लगेच चमकते. ती चमकते हे खरे. परंतु कॅल्साइटही पुष्कळदा चमकतो, त्यामुळे दिवे मालवून बसलेल्या मला सगळाच माल नकली वाटू लागतो. त्यापेक्षा तापवलेली सुई बरी. ती संशयित जागी टेकवली की दगड ढिम्म राहतो. राळ असेल तर सुई किंचित रुतते आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास घरभर पसरतो. आमच्या घरी आता लॉटची प्रत स्वयंपाकघरात बसूनही ओळखता येते. याबाबत पुरवठादाराला लिहिले, तर ‘ए ग्रेड’ म्हणजे पुढून ए ग्रेड, असा त्याने अत्यंत नम्र खुलासा केला.

माल उतरला की क्लिअरिंग एजंटचा फोन येतो. “साहेब, हे दगड लिहू, शंख लिहू की प्राणी?” प्रश्न वेडगळ नाही. अमोनाइटचा दूरचा नातेवाईक नॉटिलस अजून समुद्रात हयात आहे आणि २०१७ पासून त्याच्या व्यापारावर ‘सायटीस’ या, धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबाबतच्या आंतरराष्ट्रीय कराराची बंधने आहेत. पॉलिश केलेले दोघे शेजारी ठेवले तर फोटोवरून भल्याभल्यांची गल्लत होते. आमचा प्राणी डायनोसॉरांच्या बरोबरच संपला असून त्याच्या संरक्षणाला आता फार उशीर झाला आहे, हे मी एजंटला समजावून सांगतो. “तसं लेखी द्या,” तो म्हणतो. मग लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी, सदर प्राणी ६.६ कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाला असल्याची हमी मी देतो. वाहतुकीच्या बिलाचे दुःख निराळेच. भारत आणि मादागास्कर सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांना चिकटलेले होते, म्हणजे हा अमोनाइट पोहत होता तेव्हा आपण सख्खे शेजारी होतो; भाडे मात्र आजच्या अंतराने आकारतात.

सर्वांत जिवावर येतात त्या कापलेल्या जोड्या. करवतीने मधोमध चिरलेल्या अमोनाइटची दोन्ही अर्धुके एकमेकांची प्रतिबिंबे असतात. पुरवठादार त्यांना दोन नग धरतो आणि गिऱ्हाईक एक. प्रवासात रबरबँड तुटतात आणि सगळी अर्धुके एकमेकांत मिसळून येतात. मग सौ. आणि मी सतरंजीवर बसून पत्रिका जुळवाव्यात तशी ती जुळवत राहतो: आकार जुळतो, वेढे जुळतात, आणि ऐन वेळी मधल्या एका कप्प्यात एकीकडे तपकिरी कॅल्साइट व दुसरीकडे पोकळी निघून स्थळ मोडते.

पुण्यातल्या प्रदर्शनात पहिला प्रश्न ठरलेला असतो: “हा शाळिग्राम का?” शाळिग्रामही बहुधा अमोनाइटच, पण तो नेपाळातल्या काळ्या गंडकीचा, रंगानेही काळा, त्याला देव्हाऱ्यात विष्णू मानतात, तुळशीच्या लग्नात तो नवरदेव होतो, आणि त्याचे मोल करू नये असे जुनी माणसे सांगतात. हे शेवटचे कलम ध्यानात ठेवून मी ठामपणे “नाही” म्हणतो. वय सांगण्यातही जोखीम आहे. ११ कोटी वर्षे हा आकडा ऐकून एका काकूंनी, म्हणजे वस्तू वापरलेलीच की, असा निष्कर्ष काढून भाव निम्म्यावर आणला होता.

एका गृहस्थांना कापलेली जोडी मनापासून आवडली. परंतु त्यांच्या शोकेसमध्ये जागा एकाचीच होती, तेव्हा अर्धी जोडी अर्ध्या पैशांत द्यावी असा त्यांनी आग्रह धरला. दिवसभर फारशी विक्री नव्हती, म्हणून मी ती दिली. संध्याकाळी ते परत आले. त्यांच्या मेहुण्यांना उरलेला भाग हवा होता. मात्र आता त्याची जोडी फुटलेली असल्यामुळे तो आणखी स्वस्तात मिळावा, असे त्यांचे म्हणणे होते.