कॉपीराइटचा डायरी नंबर आला म्हणून नाचू नका

ठाण्यात गडकरी रंगायतनबाहेर एकांकिकेचा विषय निघाला की कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच, "स्क्रिप्ट रजिस्टर्ड पोस्टाने स्वतःलाच पाठव, पाकीट फोडू नकोस, झाला कॉपीराइट!" अहो, कॉपीराइट लिहिल्याक्षणीच मिळतो. नोंदणी सक्तीची नाहीच, पण १९५७च्या कायद्याचं कलम ४८ प्रथमदर्शनी पुरावा मानतं ते कॉपीराइट कार्यालयाच्या नोंदवहीतल्या नोंदीला. पाकिटाला नाही!

बरं, ऑनलाइन अर्ज भरला, साहित्यकृतीचे ५०० रुपये गेले, डायरी नंबर आला, की लगेच मुखपृष्ठावर 'कॉपीराइट रजिस्टर्ड' छापून मोकळे. तो नुसता अर्जाचा नंबर आहे हो! पुढे हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं, मग छाननी. तिथे गाडं अडतं ते क्षुल्लक गोष्टींवर. अर्जदार नाट्यसंस्था, लेखक दुसराच, आणि त्याचं ना हरकत पत्र जोडलेलंच नाही. नाहीतर अर्जात 'अप्रकाशित' आणि पुस्तक कधीचं बाजारात.

आणि नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही. "दोन भाऊ, एक फ्लॅट, रीडेव्हलपमेंट" ही म्हणे चोरली कुणीतरी! नौपाड्यात दर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये हेच चाललंय. आधी संवाद तरी लिहा.