स्टुडिओतले ‘डेड’ मेलेले नाहीत

ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचं नाव निघालं की एक वाक्य ठरलेलं असतं: ‘त्यांचे स्टुडिओ अल्बम ऐकू नकोस, तो बँड फक्त स्टेजवरचा.’ जगभर फिरून झिजलेलं हे वाक्य गेल्या रविवारी इंदूरला आमच्या घरी, पोह्यांवर जिरावण भुरभुरता भुरभुरता, मामेभावानं मला ऐकवलं. सोबत तीन कारणं: स्टुडिओत गाणी कापून आखूड केली, लाइव्ह तेवढं खरं आणि बाकी मेकअप, आणि स्टुडिओतलं काम त्यांना मुळात जमतच नव्हतं.

पहिल्या कारणात तथ्य आहे, ते आधीच देऊन टाकतो. ‘डार्क स्टार’ 1968 मध्ये सिंगल म्हणून आलं तेव्हा पुरतं तीन मिनिटांचंही नव्हतं. पुढच्याच वर्षी ‘लाइव्ह/डेड’ या मैफलीच्या अल्बमवर तेच गाणं 23 मिनिटं चाललं. सिंगल ऐकून डार्क स्टार ऐकलं म्हणणं म्हणजे वहीतली बंदिश वाचून राग ऐकला म्हणणं. कबूल.

पण प्रत्येक गाणं फुलवण्यासाठीच असतं हे कुणी ठरवलं? 1970 च्या जूनमध्ये ‘वर्किंगमन्स डेड’ हा स्टुडिओ अल्बम आला आणि नोव्हेंबरात ‘अमेरिकन ब्यूटी’. त्यातली बरीच गाणी चार-पाच मिनिटांत पुरी होतात, आणि आणखी लांबवली तर विस्कटतील. ‘बॉक्स ऑफ रेन’ घ्या. बँडचा बासवादक फिल लेश याचे वडील शेवटच्या आजारात होते. त्यांना गाऊन दाखवता यावं म्हणून त्यानं चाल बांधली, शब्द बँडचा गीतकार रॉबर्ट हंटर यानं लिहिले, आणि वडिलांना भेटायला जाताना लेश गाडीत ते घोकत असे. रेकॉर्डवर तो स्वतः गातो, पण बास वाजवत नाही. बास वाजवतोय डेव्ह टॉरबर्ट, लीड गिटार डेव्हिड नेल्सनची, आणि गिटारीसाठी ओळखला जाणारा बँडचा जेरी गार्सिया चक्क पियानोवर. म्हणजे ही माणसांची मांडणी रोजच्या स्टेजवरची नव्हेच, ती या एका गाण्यासाठी जमवलेली. हेडफोन लावून ऐकलं की लेशचा आवाज जरा अवघडलेला वाटतो, सराईत गवयाचा नाही. मला तोच आवडतो.

‘रिपल’चंही तसंच. डेव्हिड ग्रिस्मनचं मँडोलिन गाण्याच्या कडेकडेनं चालतं आणि शेवटी शब्द संपून नुसता ‘ला-ला’ उरतो, तेव्हा आजूबाजूची सगळी मंडळी गळा मिसळतात. स्टेजवर हे गाणं त्यांनी फार कमी वेळा घेतलं. आणि एकूणच स्टेजवरच्या त्यांच्या तीन गळ्यांबद्दल काय बोलावं! ते एकमेकांना शोधत असतात, कधी भेटतात, कधी चुकामूक होते. भक्तांना तेही गोड लागतं. लागू दे.

आता ‘लाइव्ह म्हणजे खरं’. मामेभावाचा लाडका लाइव्ह अल्बम ‘युरोप ’72’. तीन तबकड्यांचा हा संच दौऱ्यात ध्वनिमुद्रित झाला खरा, पण घरी परतल्यावर गायनाचा बराच भाग स्टुडिओत पुन्हा गाऊन त्यावर बसवला. उलट 1987 चा ‘इन द डार्क’ हा स्टुडिओ अल्बम. त्याचा पाया त्यांनी कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीतल्या एका नाट्यगृहात, रिकाम्या खुर्च्यांसमोर, स्टेजवर वाजवून घातला. ‘अँथम ऑफ द सन’ या अल्बममध्ये तर मैफलीच्या आणि स्टुडिओच्या टेपा एकमेकींत अशा विणल्यात की जोड सापडत नाही. मग मेकअप नेमका कुणी लावलाय?

स्टुडिओचं काम जमतच नव्हतं, हे तिसरं कारण ‘ऑक्सोमोक्सोआ’वरून आलंय, हे मला ठाऊक आहे. 1969 च्या या अल्बमचं काम चालू असताना 16 ट्रॅकचं, म्हणजे सोळा आवाज वेगवेगळे नोंदवणारं, नवं यंत्र आलं, बुवांनी झालेलं काम बाजूला ठेवून पुन्हा सुरुवात केली, आणि रेकॉर्ड कंपनीचं कर्ज डोक्यावर घेतलं. पोरखेळ होता. पण त्यातूनच शहाणपण आलं: ‘वर्किंगमन्स डेड’ची गाणी आधी बसवली आणि मग साधारण दहा दिवसांत अल्बम उरकला. ‘टेरापिन स्टेशन’ या अल्बमवर निर्मात्यानं चढवलेला वाद्यवृंद मलाही खुपतो, त्याची वकिली मी करणार नाही.

गंमत अशी की हाच मामेभाऊ उस्ताद अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची एलपी जीव की प्राण मानतो. इंदूरात कोण मानत नाही! खाँसाहेबांचा विलंबित मैफलीत कसा तासन् तास पसरायचा, हे आमच्याकडची जुनी माणसं अजून सांगतात. एलपीच्या एका बाजूत मावतात जेमतेम वीसेक मिनिटं. तरी तो मारवा खोटा, असं तो म्हणत नाही; खाँसाहेबांनी तेवढ्या जागेचा हिशेब करून राग मांडला, असं म्हणतो. मी डेडबद्दल नेमकं हेच म्हणालो तर म्हणे, “दादा, ते वेगळं.” का वेगळं, ते काही सांगेना. पोहे मात्र दुसऱ्यांदा घेतले.

आमचा सौदा असा ठरलाय: त्यानं दिलेली 8 मे 1977 ची, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातली डेडची मैफल मी मध्ये न उठता ऐकायची, आणि त्यानं ‘अमेरिकन ब्यूटी’च्या दोन्ही बाजू. शेवटचं ‘ट्रकिन’ गाळलं तरी चालेल, ते खरंच स्टेजवर जास्त रंगतं.