छत्तीसचा आकडा म्हणजे प्रेम? अजिबात नाही

तो मेसेज परत फिरायला लागलाय. पत्रिकेत ३६ पैकी ३६ गुण जुळले की सगळ्यात भारी जोडी, म्हणून ‘छत्तीसचा आकडा’चा मूळ अर्थ घट्ट प्रेम, आणि मराठी माणसाने अडाणीपणाने तो उलटा केला, असं त्यात म्हटलंय. लोक ‘वा, नवीन माहिती’ म्हणत पुढे ढकलतायत म्हणून लिहितेय, कारण हे साफ चूक आहे.

गुणांचा हिशोब बरोबर आहे. पत्रिका जुळवताना आठ बाबी बघतात, वर्णाचा १, वश्याचे २, तारेचे ३ असं चढत चढत नाडीचे ८, बेरीज ३६, आणि १८ जुळले की चालतं म्हणतात. पण तिथे कोणी ‘आकडा’ म्हणतं का हो? गुरुजी, आई-बाबा, विवाहमंडळवाले, सगळे ‘एवढे गुण जुळले’ असंच म्हणतात. आपल्या वाक्प्रचारात गुणाचा पत्ताच नाही, आहे तो आकडा, म्हणजे लिहिलेला अंक.

मग लिहूनच बघा ना. कागद घ्या आणि देवनागरीत मोठ्ठा ३६ काढा. ३ चं तोंड डावीकडे, ६ चं उजवीकडे, दोघं पाठीला पाठ लावून बसलेत. आता शेजारी ६३ काढा, लगेच समोरासमोर आले! सगळा अर्थ या चित्रात आहे, पण हल्ली मोबाईलवर आकडे इंग्रजीत टाइप होतात, त्यातल्या सहाचं पोट बंद असतं त्यामुळे चित्र तेवढं उठून दिसत नाही, आणि मग पत्रिका आठवते.

मराठी माणसाने उलटा केला हेही खोटं. हिंदीतही ‘छत्तीस का आंकड़ा’ म्हणजे वाकडंच. तुलसीदासांच्या नावावरचा जुना दोहाच आहे, जगाशी छत्तीस होऊन राहा आणि रामचरणांशी त्रेसष्ट, म्हणजे जगाकडे पाठ, रामाकडे तोंड. यात गुणमिलन कुठे बसवणार?

आणि मेसेजमध्ये नव्या जोडप्याला ‘तुमचा छत्तीसचा आकडा राहो’ अशा शुभेच्छा द्या म्हटलंय, प्लीज देऊ नका, मांडवात कुणाचं तरी मन दुखेल.

वापरायचाच तर नीट वापरा. पिढ्यानपिढ्या चाललेलं, कोर्टकचेरीपर्यंत गेलेलं असेल तर ते हाडवैर. समोर आलं तरी सहन होत नाही, तिथे आडवा विस्तव जात नाही. आणि एकाच ऑफिसात, एकाच पक्षात, एकाच घरात राहून ज्यांचं कशावरच पटत नाही, एक पूर्व म्हणाला की दुसरा पश्चिम, त्यांचा छत्तीसचा आकडा.