‘युद्ध म्हणजे गुंतवणूक’ : एका फॉरवर्डला उत्तर

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परवा चौथ्यांदा आला. दर वेळी पाठवणारा वेगळा, मजकूर तोच, शेवटी तिरंगा आणि तीन रॉकेटं. सांगणं असं : युद्ध हा खर्च नाही, गुंतवणूक आहे. दुसऱ्या महायुद्धाने अमेरिकेची मंदी घालवली. आपली मुंबई अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या पैशावर उभी राहिली. आज डिफेन्सचे शेअर घेणारा साधा माणूसही कमावतो. जनता पाठीशी असली की खर्च कुणाला जड जात नाही. आणि ज्यांना हे पटत नाही ते एकतर भित्रे, नाहीतर अर्थशास्त्रात ढ.

मी भित्री असेन. पण एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात बावीस वर्षं काढली आहेत. कुणी ‘गुंतवणूक’ म्हटलं की माझे प्रश्न ठरलेले : पैसे कुणाचे, परतावा कुणाला, आणि बुडालं तर जामीनदार कोण?

मुंबईचा मुद्दा आधी घेते, कारण तो घरचा आहे आणि त्याचा अर्धा भाग खराही आहे.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांची जुंपली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांचा कापूस आटला. आखूड धाग्याचा, कचरा मिसळलेला म्हणून आपल्याकडच्या ज्या कापसाला तिथे नाकं मुरडली जात, त्यालाच सोन्याचे दिवस आले. मुंबईत लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकायला काढल्याचे किस्से सांगतात. त्या चार-पाच वर्षांत शहरात नेहमीपेक्षा सात-आठ कोटी पौंड जास्त आले असा अंदाज आहे. कापूस आणि शेअरचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद याच काळात शिखरावर होते. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि राजाबाई टॉवरसाठी त्यांनी दिलेली देणगीही याच काळातली. फॉरवर्डमध्ये त्या टॉवरचा फोटो आहे.

पुढची गोष्ट मात्र नाही. आलेला पैसा गोदीत किंवा गिरणीत थोडाच गेला. बाकीचा नव्या बँका, वित्त कंपन्या आणि समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांच्या कागदांत शिरला. बॅक बे रेक्लमेशनचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला, आणि समुद्र होता तिथेच होता. खुद्द सरकारचा वाटा असलेल्या बँक ऑफ बॉम्बेने असल्या शेअरांच्या तारणावर कर्जं वाटली. (आमच्या शाखेत असा प्रस्ताव आला असता तर मॅनेजरने मला चहाला बसवून विचारलं असतं, ‘बाई, बऱ्या आहात ना?’) एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली, कापूस गडगडला. १ जुलै १८६५ ही वायद्याचे सौदे पुरे करायची तारीख उजाडली आणि पेढ्यांमागून पेढ्या बसल्या. १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली. १८६४ च्या मोजणीत शहरात ८,१६,५६२ माणसं होती, १८७२ मध्ये ६,४४,४०५. सगळी कापसापायी गेली असं मी म्हणणार नाही. पण ‘उभी राहिली’ म्हणताना निघून गेलेल्यांनाही मोजायला हवं.

आणि हे झालं फक्त मुंबईचं. कापूस मुंबईत पिकत नव्हता. तेजीत सावकाराने शेतकऱ्याला हात सैल सोडून पैसे दिले, कारण पीक म्हणजे नगद होतं. भाव पडल्यावर तोच सावकार हात आखडून बसला. त्यातच जमिनीच्या नव्या मोजणीने पुणे जिल्ह्याच्या काही तालुक्यांत शेतसारा वाढला. १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले. त्यांचा रोख माणसांवर कमी होता. त्यांना हव्या होत्या खतावण्या आणि कर्जरोखे, आणि हाती लागले तिथे ते जाळले. या दख्खनच्या दंग्यांमागे युद्ध हे एकच कारण नव्हतं, सारा होता, कोर्टाचे हुकूमनामे होते. तरी साखळी लावून बघा : अमेरिकेतली नाकेबंदी, लिव्हरपूलचा भाव, मुंबईचा शेअर, सुप्याचा कर्जरोखा. नफा वरच्या कड्यांत राहिला. मी आयुष्यभर कर्जाच्या फायली सांभाळल्या, म्हणून म्हणते : माणूस कागद जाळायला निघतो, तेव्हा त्या कागदावरचा हिशेब त्याला कधीच समजावून दिलेला नसतो.

अमेरिकेची मंदी. आकडे बरोबर आहेत. १९४० मध्ये बेकारी १४.६ टक्के होती, १९४४ मध्ये १.२. पण ती सरकारने अफाट खर्च केला म्हणून घटली आणि सव्वा कोटीच्या आसपास माणसं गणवेशात गेली म्हणून घटली. घरात मात्र साखर रेशनवर, टायर रेशनवर. फेब्रुवारी १९४२ नंतर खाजगी गाड्या बनणंच थांबलं. प्राप्तिकराचा वरचा दर ९४ टक्क्यांवर गेला. हा दर ग्रुपवर टाकून बघा, रॉकेटं किती टिकतात ते. शिवाय अमेरिकेचे कारखाने बॉम्बखाली आले नाहीत. तेच युद्ध जिंकलेल्या ब्रिटनमध्ये रेशन १९५४ पर्यंत चाललं आणि अमेरिकेच्या कर्जाचा शेवटचा हप्ता त्यांनी डिसेंबर २००६ मध्ये भरला. बंगालमध्ये १९४३ साली लाखो माणसं भुकेने गेली, ती कुणाच्या ताळेबंदात धरायची?

शेअर. शस्त्र कंपनीचा शेअर वर जातो, यात गुपित काही नाही. ‘सामान्य माणूस कमावतो’ म्हणणाऱ्याने मे २०२५ ची पाटी बघावी. भारत-पाकिस्तान संघर्ष ऐन भरात असताना, ९ मे ला, सेन्सेक्स ८८० अंकांनी घसरला. १० ला शस्त्रसंधी झाली. सोमवारी १२ मे ला बाजार उघडला आणि दिवसाअखेर २,९७५ अंक वर होता. बाजाराला काय आवडलं ते त्याने स्वतःच सांगितलं. त्याच आठवड्यात ‘ऑपरेशन सिंदूर’ या नावाच्या ट्रेडमार्कसाठी रिलायन्सच्या जिओ स्टुडिओज्‌ने अर्ज केला आणि लगेच मागे घेतला. ज्युनिअर माणसाकडून चुकून झालं, असा खुलासा आला. असेल. मला नवल अर्जाचं वाटलं नाही, वेगाचं वाटलं.

इथे आपल्या, म्हणजे युद्ध नको म्हणणाऱ्या, बाजूच्या लोकांनाही एक सांगायचंय. ‘सगळी युद्धं शस्त्र कंपन्याच लावतात, लोक बिचारे भोळे’ हाही फॉरवर्डच आहे, फक्त तिरंग्याऐवजी कबुतर. खडकी, वरणगाव, भंडारा, अंबाझरी इथल्या आयुध निर्माण्यांत हजारो घरं चालतात. त्यांना ऑर्डर हवी असते, युद्ध नव्हे. आणि उलट, युद्ध लोकांना आवडतंही, निदान सुरुवातीला. याच पायरीवर फॉरवर्डचा शेवटचा मुद्दा येतो.

‘जनता पाठीशी असली की खर्च जड जात नाही.’ इराक घ्या. मार्च २००३ मध्ये अमेरिकेचा हल्ला सुरू झाल्यावर गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत ७२ टक्के अमेरिकन पाठीशी होते. खर्च किती? राष्ट्राध्यक्ष बुश यांचे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे सप्टेंबर २००२ मध्ये बोलून गेले : शंभर ते दोनशे अब्ज डॉलर. डिसेंबरमध्ये ते पदावर नव्हते. सरकारी आकडा पन्नास-साठ अब्जांचा फिरवला गेला. प्रत्यक्षात लिंडसेंचा वरचा आकडाही कुठल्या कुठे मागे पडला. आणि हल्ल्याला अडीच महिनेही झाले नव्हते तेव्हा, मे २००३ मध्ये, बुश यांनी करकपातीच्या कायद्यावर सही केली. युद्ध चालू आणि कर कमी! सगळं उधारीवर. उपाध्यक्ष चेनी ज्या हॅलिबर्टन या तेलक्षेत्रातल्या कंपनीचे आधी प्रमुख होते, तिच्या उपकंपनीला तेलविहिरींचं काम निविदेशिवाय मिळालं. पाच वर्षांनी, २००८ मध्ये, गॅलपला साठ टक्क्यांच्या आसपास लोक सांगत होते की ती चूक होती. तो ७२ चा आकडा म्हणजे बिल टेबलावर यायच्या आधी विचारलेलं ‘जेवण कसं होतं?’.

बिल आधी दाखवलं तर काय होतं, हे आपल्याकडे घडून गेलंय. १९६२ च्या चीन युद्धात बायकांनी अंगावरचं सोनं संरक्षण निधीला दिलं. ते खरं होतं, मनापासून होतं. पुढच्याच वर्षी अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं, चौदा कॅरेटची मर्यादा घातली, सक्तीची बचत योजना आणली. सोनारांचे धंदे बसले आणि देशभर ओरड झाली. माणसं तीच होती. स्वतःहून बांगडी काढून देणं वेगळं, आणि कपात होऊन हाती आलेला पगार मोजणं वेगळं.

आणि खिशाला कात्री लागली की पाठिंबा संपतोच, असंही नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात कापूस आटल्याने लँकेशायरमधल्याच मँचेस्टरच्या गिरणी कामगारांची चूल विझली होती. नाकेबंदी मोडावी यातच त्यांचा स्वार्थ. तरी ३१ डिसेंबर १८६२ ला तिथल्या सभेने उत्तरेच्या बाजूचे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांना पत्र धाडलं : गुलामी संपवा, आम्ही तुमच्या बाजूचे. लिंकनने जानेवारीत उत्तर दिलं. त्या माणसांना किंमत ठाऊक होती, रोज ताटात दिसत होती. अशा पाठिंब्यापुढे मी मान झुकवते. मुंबईच्या शेअरवाल्यांना ते युद्ध आणखी चाललं तर हवंच होतं.

माझ्या वडिलांच्या तिकिटांच्या वहीत पाच पैशांचं एक तिकीट आहे. कुटुंबनियोजनाचं, आई-बाप आणि मुलं असं, आणि वर काळ्या शाईत छापलेलं : शरणार्थी साहाय्य. नोव्हेंबर १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्यांसाठी टपालावर हे जादा तिकीट लावणं सक्तीचं झालं, ते १९७३ पर्यंत चाललं. पत्र टाकायला गेलेल्या प्रत्येकाने ते जिभेवर ओलं करून चिकटवलं. काय चाललंय आणि त्याला पैसे लागतात, हे पाकिटागणिक कळत होतं.

त्या तिकिटाचा फोटो काढून मी फॉरवर्डखाली टाकला. दोन अंगठे आले. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, ‘ताई, याचे आज किती येतील हो?’