लक्ष्मणफळ केमोपेक्षा दहा हजार पट प्रभावी? आकडा खरा, दावा खोटा

“लक्ष्मणफळ केमोथेरपीपेक्षा १०,००० पट प्रभावी आहे. ते फक्त कॅन्सरच्या पेशी मारतं, त्यात भरपूर अँटिऑक्सिडंट आहेत आणि औषध कंपन्यांनी हे जगापासून लपवून ठेवलं आहे.” हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. घरात कॅन्सरचं निदान झालं की तो कुठून ना कुठून येऊन पोहोचतोच. पाठवणाऱ्याला मदतच करायची असते आणि वाचणारा आशेसाठी आसुसलेला असतो. म्हणूनच यातला एकेक दावा नीट तपासायला हवा.

आधी तो दहा हजाराचा आकडा. तो कुणी मनानं रचलेला नाही. १९९६ साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी लक्ष्मणफळाच्या बियांमधून काही नवी संयुगं वेगळी केली. त्यातलं सिस-ॲनोनासिन हे संयुग मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या एचटी-२९ या पेशींवर ॲड्रियामायसिन या केमोच्या औषधापेक्षा १०,००० पट तीव्र ठरलं. शोधनिबंधात एवढंच आहे. आता मेसेजमध्ये काय काय गळलं ते बघा. संयुग बियांमधलं होतं. मेसेज सांगतो गर खा, पानांचा काढा प्या. प्रयोग काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींवर झाला. तिथे औषध मोडून टाकणारं यकृत नसतं, ते बाहेर काढणारी मूत्रपिंडं नसतात, आणि विषबाधा होईल असा माणूसही नसतो. शिवाय ‘दहा हजार पट तीव्र’ म्हणजे तोच परिणाम दहा हजारपट कमी मात्रेत दिसला. दहा हजारपट जास्त रुग्ण बरे झाले, असा त्याचा अर्थ होत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तर कुणी सांगतच नाही. ॲड्रियामायसिन स्तनाच्या कॅन्सरवर, लिम्फोमा या लसिकासंस्थेच्या कॅन्सरवर वापरतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर ते फारसं चालत नाही, त्यामुळे डॉक्टर तिथे दुसरी औषधं देतात. म्हणजे ज्या औषधाचा त्या आजारात मुळातच जोर नाही, त्याच्याशी केलेली ही तुलना ‘केमोपेक्षा प्रभावी’ म्हणून जगभर पसरली.

मग माणसांवर काय दिसलं? इंडोनेशियात आतड्याच्या कॅन्सरच्या तीसेक रुग्णांवर पानांच्या अर्काची एक छोटी चाचणी झाली. त्यात रुग्णांच्या रक्तद्रवाचा प्रयोगशाळेतल्या पेशींवर काय परिणाम होतो, हे पाहिलं गेलं. रुग्ण जास्त जगले का, हे अशा चाचणीतून कळत नाही. या झाडानं माणसाचा कॅन्सर बरा केल्याचं दाखवणारी एकही मोठी चाचणी झालेली नाही.

दुसरा दावा: निरोगी पेशींना धक्का लागत नाही. या झाडातली ॲसिटोजेनिन गटातली संयुगं पेशीच्या मायटोकाँड्रियातलं ‘कॉम्प्लेक्स १’ नावाचं प्रथिनसंकुल बंद पाडतात. पेशीची ऊर्जा तयार होण्यात त्याचा मोठा वाटा असतो. रोटेनोन हे कीटकनाशकही नेमकं तिथेच घाव घालतं. पण हे संकुल फक्त कॅन्सरच्या पेशींत नसतं, ते शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत असतं. ज्यांना सतत भरपूर ऊर्जा लागते, त्या मेंदूच्या पेशींना याची झळ जास्त बसू शकते. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडलूप बेटावर पार्किन्सनसारख्या, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या आजाराचे रुग्ण वाजवीपेक्षा जास्त का, याचा शोध घेताना संशोधकांचं लक्ष याच फळाकडे आणि पानांच्या काढ्याकडे गेलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. पुढे उंदरांच्या शिरेतून २८ दिवस या झाडातलं ॲनोनासिन हे ॲसिटोजेनिन सोडल्यावर त्यांच्या मेंदूतल्या चेतापेशी मेलेल्या आढळल्या. माणसांमध्ये हे फळच कारण आहे, असं अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही आणि तसं ठासून सांगणंही बरोबर नाही. पण ‘निरोगी पेशी सुरक्षित’ हे बोलायला मात्र काहीही आधार उरत नाही.

अँटिऑक्सिडंटचा मुद्दा ऐकायला फार सोपा वाटतो. पानांत पॉलिफेनॉल नावाची अँटिऑक्सिडंट संयुगं आहेत आणि परीक्षानळीत ती फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, शमवतात, हे खरंच आहे. पण असंख्य पानाफळांबद्दल हेच म्हणता येईल. त्यातून कॅन्सर टळतो का, हे मोठ्या चाचण्यांत तपासून झालंय. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतल्या अशाच दुसऱ्या चाचणीतही धोका वाढलेला दिसला आणि १९९६ साली ती वेळेआधी थांबवावी लागली. रेडिएशन तर कॅन्सरच्या पेशी मारतं ते बऱ्याच अंशी फ्री रॅडिकलच्याच जोरावर. त्या काळात अँटिऑक्सिडंटचा मारा करणं उपचारांच्या विरोधात जाऊ शकतं. म्हणूनच पुष्कळ कॅन्सरतज्ज्ञ अशी पूरकं बंद ठेवायला सांगतात.

“झाडाचं पेटंट घेता येत नाही, म्हणून कंपन्यांनी दाबलं.” ज्या संशोधनाचा हवाला मेसेज देतो, ते उघड छापलं गेलं आहे, दाबलं असतं तर हा आकडाच बाहेर आला नसता. आणि झाडांपासून कॅन्सरची औषधं निघालीच आहेत की! पॅसिफिक यू या झाडाच्या सालीचे नमुने १९६२ साली गोळा झाले, मनसुख वाणी आणि मन्रो वॉल या रसायनशास्त्रज्ञांनी त्यातल्या रेणूची रचना १९७१ साली मांडली, आणि १९९२ साली टॅक्सॉल म्हणजेच पॅक्लिटॅक्सेल औषध म्हणून मंजूर झालं. तीस वर्षं! याच दोघांनी कॅम्प्टोथेसिनही शोधलं. ते चीनमधल्या एका झाडात सापडलं. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही ते असतं. पण मूळ रेणू रुग्णांना झेपला नाही. त्यात बदल करून बनवलेली इरिनोटेकन आणि टोपोटेकन ही औषधं १९९६ साली मंजूर झाली. त्यातलं इरिनोटेकन आज आतड्याच्या कॅन्सरवर सर्रास दिलं जातं. झाडात ताकद आहे, यात वादच नाही. पण नेमका रेणू, नेमकी मात्रा आणि माणसांवरच्या चाचण्या यांतूनच ती रुग्णाच्या कामी येते.

राहिलं “घेऊन बघायला काय जातं?” याचा मात्र मला खरोखर संताप येतो, कारण वेळ जातो. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बरा होऊ शकणाऱ्या कॅन्सरवर फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट होता. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये तो साडेचार पटींहून जास्त होता.

कधीमधी लक्ष्मणफळ आवडीनं खाणाऱ्यानं घाबरायचं कारण नाही. पण तुमच्या घरातलं कुणी उपचार चालू असताना त्याचा काढा, पावडर किंवा कॅप्सूल रोज घेत असेल, तर पुढच्या भेटीत ती बाटली सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर तेही सांगा; प्राण्यांवरच्या प्रयोगांत या पानांच्या अर्कानं रक्तदाब आणि साखर दोन्ही उतरलेली दिसली आहेत.