क्ष ची किंमत काढा

गेल्या मंगळवारी तळमजल्यावरच्या आजींनी पोस्टमनला सांगितलं की या नावाचा माणूस या इमारतीत राहत नाही. पोस्टमननं पाकिटावर 'प्राप्तकर्ता अज्ञात' असा शेरा मारला आणि पाकीट परत नेलं. हे मला खुद्द आजींनीच सांगितलं. सांगितलं तेव्हा त्यांच्या पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट माझ्या दोन्ही हातांत होता. तळघरातून तो क्रेट वर आणून द्यायचं काम मी गेले तीन आठवडे बिनबोभाट करतोय.

"पण मी राहतो ना इथं," मी म्हटलं.

"हो, तुम्ही राहता," आजी म्हणाल्या. "पण डब्यावर नाही."

थोडक्यात पूर्वपीठिका: बायको जर्मन, लायपझिगची. मी पुण्याचा. लग्न झालं, दोन वर्षं 'तू ये की मी येऊ' झालं, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर मी दोन बॅगा घेऊन सासरी आलो. माप वगैरे ओलांडायला कुणी ठेवलं नव्हतं. दारात बूट काढायला मात्र सांगितलं.

आता हा डबा. जर्मनीत फ्लॅटला सहसा नंबर नसतो. पत्त्यात रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि तुमचं नाव, बस. पोस्टमन खालच्या टपालपेट्यांवरची नावं वाचतो. नाव दिसलं तर पत्र आत, नाही दिसलं तर परत. आमच्या पेटीवर फक्त बायकोचं आडनाव आहे, कारण ती इथं आठ वर्षं एकटी राहत होती. मी आल्यावर रीतसर चौदा दिवसांच्या आत नगरकार्यालयात जाऊन नोंदणी केली, घरमालकानं सहीनिशी लिहून दिलं की हा इसम खरोखर इथं राहायला आलाय, शिक्का बसला. सरकारच्या लेखी मी लायपझिगमध्ये आहे. आजींच्या लेखी नाही.

परत गेलेल्या पाकिटात माझा अकरा आकडी कर क्रमांक होता. माणशी एक, जन्मभर पुरणारा. तो नोकरीच्या ठिकाणी दिला नाही तर शेवटी सहाव्या करवर्गात टाकतात आणि पगारातून सगळ्यात जास्त कापतात. मी आयुष्यात सहावीत एकदाच होतो आणि तेव्हाही गणितानंच घात केला होता. क्रमांक पुन्हा मागवता येतो, पण तो फोनवर सांगत नाहीत, ईमेलनं पाठवत नाहीत. टपालानंच येतो. कुठल्या डब्यात, ते आलंच.

संध्याकाळी मी कागदाची पट्टी कापली, सुवाच्य अक्षरात आडनाव लिहिलं आणि पेटीवर चिकटवलं. दोन तासांत पट्टी गायब. दुसऱ्या दिवशी ती एका पाकिटात परत आली. सोबत आजींची चिठ्ठी: इमारतीतल्या सगळ्या पट्ट्या एकसारख्या असतात. हस्तलिखित चालत नाही. व्यवस्थापनाकडून पाटी यायला सहा आठवडे लागतील, तोवर माझ्याकडे पट्टी छापायचं यंत्र आहे, उद्या संध्याकाळी 'फिअर्टल आख्ट' वाजता यावे. हे पाकीट अर्थातच बायकोच्या नावानं होतं. माझ्या नावानं टाकणार कुठे?

'फिअर्टल' म्हणजे पाव, 'आख्ट' म्हणजे आठ. मराठी माणसाला यात काय अवघड? सव्वाआठ. मी बरोबर सव्वाआठला बेल वाजवली. आजी नाइटगाउनवर कोट घालून दार उघडायला आल्या.

तर या भागात 'पाव आठ' म्हणजे सव्वासात. आठव्या तासाचा पाव भाग झाला, असा हिशोब. साडेसातला 'अर्धा आठ', पावणेआठला 'पाऊण आठ'. यातलं शेवटचं तरी आपल्याशी जुळतं, पण जुळण्यात अर्थ नाही, मी तासभर उशिरा होतो. आणि ज्या परीक्षेचं प्रमाणपत्र दाखवून मी या देशात शिरलो, तिच्या पुस्तकात हा प्रकार नव्हता. तिथं 'सातवर पाव' असंच शिकवलं होतं.

त्या परीक्षेबद्दल दोन शब्द, कारण ती अजून पोटात आहे. जर्मन नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला इथं राहायला यायचं तर आधी ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची जर्मन यावी लागते. २००७ पासूनचा नियम. ठीक आहे, ज्या देशात राहायचं तिथली भाषा शिकावी, माझी ना नाही. पण माझी बायको फ्रेंच असती आणि नोकरीसाठी लायपझिगला राहत असती, तर मला ही परीक्षा लागली नसती. शेजारच्या गल्लीत एक आपलाच इंजिनियर ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरीच्या परवान्यावर आलाय, त्याच्या बायकोलाही लागली नाही. मी अमेरिकन असतो तरी लागली नसती. भारतीयानं जर्मनाशी लग्न केलं की मात्र लागते. बायको म्हणते, आमच्या लोकांना स्वतःच्या नागरिकांवर कडक राहायची सवय आहे. मी म्हटलं, नागरिक तू, परीक्षा मी दिली. सदतिसाव्या वर्षी वीस वर्षांच्या पोरांच्या शेजारी बसून 'माझे नाव अमुक आहे, मला दोन बहिणी आहेत' असं म्हणालो. मला बहीण नाही. पण 'एकही नाही' म्हणताना त्या शब्दाला कुठला प्रत्यय लागतो ते ऐन वेळी आठवेना, म्हणून दोन घेतल्या.

तर आजींचं स्वयंपाकघर. टेबलावर यंत्र, शेजारी भिंग, शेजारी इमारतीतल्या सगळ्या नावांची यादी. यादीत प्रत्येक नावापुढे अक्षरसंख्या.

"स्पेलिंग सांगा."

मी सांगू लागलो. के, एस, एच…

"थांबा. स्वर राहिला."

"नाही राहिला."

"के आणि एस यांच्यामध्ये?"

"काही नाही."

"एस आणि एच यांच्यानंतर?"

"नंतर आहे. आय."

आजींनी पेन खाली ठेवलं. "मग याचा उच्चार कसा करायचा?"

मी केला. त्यांनी केला. त्यांचं 'कशिर' झालं, मग 'किशेर', मग शिंकेसारखं काहीतरी. ज्या भाषेत 'आंग्स्टश्वाइस' नावाचा शब्द आहे आणि लिहिताना त्यात सलग आठ व्यंजनं येतात, ती बोलणारी बाई माझ्या तीन व्यंजनांना अडखळत होती. 'आंग्स्टश्वाइस' म्हणजे भीतीनं सुटलेला घाम. तो मला सुटला होता.

मी माझं आडनाव इथं लिहीत नाही, पण मराठीत क्ष पासून सुरू होणारी आडनावं किती, ते तुम्हीच मोजा. आपल्याकडे ते पाच अक्षरांत मावतं. रोमन लिपीत दहा होतात. शाळेत या क्ष मुळे माझे फार हाल झाले. बीजगणिताच्या तासाला मास्तर 'क्ष ही अज्ञात संख्या मानू' म्हणाले की अख्खा वर्ग माझ्याकडे बघायचा. पंचवीस वर्षांनी, सहा हजार किलोमीटरांवर, पोस्टमननं तेच मानलं.

"अर्थ काय होतो?" आजींनी विचारलं.

इथं मी 'काही नाही' म्हणून सुटायला हवं होतं. पण आडनावाचा अभिमान.

"एक समुद्र आहे," मी ए-वन जर्मनमध्ये सुरुवात केली. "त्यात पाणी नाही. दूध आहे. एक देव तिथे झोपतो."

"दुधात?"

"सापावर."

"साप दुधात?"

"हो. साप मोठा आहे. सापाला पुष्कळ डोकी आहेत. देवाची बायको देवाचे पाय…" 'चेपते' ला शब्द येईना. "धरते."

आजी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग अत्यंत गंभीरपणे म्हणाल्या, "ते दूध नासत नाही?"

मराठीत मला याचं काहीतरी उत्तर सुचलं असतं. पुण्यात माझ्या फटकळपणाला चारचौघांत मान होता, ऑफिसात लोक मुद्दाम छेडायचे. इथं मी एक मठ्ठ, सज्जन, पाच वर्षांचा मुलगा आहे. विचारलं तेवढंच बोलतो, सगळ्याला आभार म्हणतो आणि कालचं वाक्य वर्तमानकाळात सांगतो. बायकोच्या मैत्रिणी तिला म्हणतात, तुझा नवरा किती शांत आहे. ती मला हे कौतुकानं सांगते. मला रात्री झोप येत नाही.

"नाही," मी म्हटलं. "नासत नाही."

आजींनी भिंगातून पट्टीची लांबी बघितली. बायकोचं आडनाव अकरा अक्षरांचं. मध्ये तिरकी रेघ. माझी दहा. मावत नाही. अक्षर लहान केलं तर इतर पट्ट्यांशी जुळत नाही. दोन ओळी केल्या तर चौथ्या मजल्यावरचेही दोन ओळी मागतील, ते आधीपासूनच टपून आहेत. मग आजींचा चेहरा उजळला.

"तुम्ही बायकोचं नाव का लावत नाही?"

"पेटीवर?"

"सगळीकडे. ते आधीच छापलेलं आहे."

आणि मग त्यांनी मला कायदा समजावला. नवऱ्यानं बायकोचं आडनाव घेणं इथं केव्हापासूनच चालतं. शिवाय १ मे २०२५ पासून दोघांनाही जोडआडनाव घेता येतं. (महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त बघा.) पण जोडआडनाव त्या सुचवणार नाहीत, कारण मध्ये आडवी रेघ धरून ते बावीस अक्षरांचं होईल. त्यांचा स्वर अगदी मायेचा होता. नव्या सुनेला चार युक्तीच्या गोष्टी सांगाव्यात तसा.

मला राग आला. खरा, कान तापवणारा. माझं नाव! लग्नासाठी पुण्यात विवाह अधिकाऱ्याच्या फलकावर ते तीस दिवस लटकत होतं, कुणाला हरकत असेल तर घ्या म्हणून. एका देशाचा कागद एकाच शिक्क्यावर दुसऱ्या देशात चालावा म्हणून असलेला अपोस्टील करार भारतानं २००५ मध्ये केला तेव्हा जर्मनीनं आक्षेप नोंदवला, त्यामुळे नुसत्या शिक्क्यावर त्यांचं भागलं नाही. माझा जन्म खरा का, लग्न खरं का, हे तपासायला एक वकील आमच्या सोसायटीत आला आणि त्यानं समोरच्या काकूंना विचारलं, याचं आधी एखादं लग्न झालंय का? काकू म्हणाल्या, "त्याच्याशी कोण करणार?" सरकारी कागदावर माझ्या अविवाहितपणाचा हा पुरावा आहे. एवढ्या चाळण्यांतून गाळून आणलेलं नाव मी टेपची पट्टी तोकडी पडते म्हणून टाकून देऊ?

रात्री आईला फोन केला. सगळं रंगवून सांगितलं. आईनं ऐकून घेतलं. आईचं आडनाव तर बदललंच, पण माझ्या आजोबांच्या मते घरात त्याच नावाची एक जाऊ आधीच होती, म्हणून पहिलं नावही बदललं. तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं, संपलं. माहेरचं नाव आता फक्त तिची एक मैत्रीण वापरते, तीही कोल्हापूरला असते.

"मग तू काय म्हणालास त्या बाईंना?" आईनं विचारलं.

"विचार करतो म्हणालो."

"बरं," आई म्हणाली. "कुकर झालाय, ठेवते."

बायको त्या दिवशी कामासाठी बाहेरगावी होती. परत आल्यावर तिला सांगितलं तर तिला हसू आवरेना, विशेषतः दूध नासण्यापाशी. मग म्हणाली, आजी चांगल्या आहेत रे. चांगल्या आहेतच. तोच तर त्रास आहे. वाईट असत्या तर भांडता आलं असतं, आणि भांडायला लागणारं व्याकरण मी कसंही करून शिकलो असतो.

शेवटी तोडगा निघाला. बायकोचं आडनाव, तिरकी रेघ आणि 'के.' एवढंच. के आणि टिंब. आजींनी स्वतः चिकटवली, पट्टीची कड शेजारच्या पट्टीशी जुळते का ते अंगठ्यानं बघितलं, आणि पोस्टमनला थांबवून माझी ओळख करून दिली. "हे के." पोस्टमननं मान डोलावली. क्ष गेला, क राहिला. बाराखडीत तेवढीच बढती.

काल पत्र आलं. माझ्या नावानं, दहाच्या दहा अक्षरं, एकही स्वर जादा नाही. कर क्रमांक नव्हता. रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र होतं: तुम्ही या पत्त्यावर नव्यानं राहायला आलात असं कळलं, घरटी महिना १८.३६ युरो. रेडिओ ऐकता की नाही हा प्रश्नच नाही, घर आहे ना मग भरा. माझा ठावठिकाणा यांना मात्र बिनचूक लागला. आजींनी पत्र पेटीत पडताना बघितलं होतं आणि जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, "बघा, पट्टी काम करते."

क्रेट वर पोचवला आणि फॉर्म भरायला बसलो. या घराची वर्गणी आधीपासून कोणी भरत असल्यास त्या व्यक्तीचं नाव लिहावे. बायको भरते. तिचं आडनाव अकरा अक्षरांचं, मध्ये एक टिंबवाला स्वर, मला अजून पाठ नाही. चपला घालून खाली गेलो आणि डब्यावरून उतरवून आणलं.